रेगे बाईंची हजेरी

परवा दुपारी घर हललं आणि मला कुणाचाच फोन आला नाही.

तसा धक्का मोठा नव्हता. कपाटातल्या बशा किणकिणल्या, दिवा झुलला, मोबाइल किंचाळले. माझ्या मुलानं मान वर न करता "दाइजोबु, दाइजोबु" म्हटलं, म्हणजे काही होत नाही, आणि तो पुन्हा गेममध्ये शिरला. मी मात्र फोन हातात घेऊन बसून राहिले. टोकियोजवळच्या या इचिकावात इतकी वर्षं काढली आणि दर वेळी जमीन हलायची थांबते न थांबते तोच फोन वाजायचा आणि पलीकडून धाप लागलेला आवाज यायचा, "वैशाली, आहात ना सगळे? गॅस बंद केलास ना? काळजी नाही गं, फक्त विचारलं."

काळजी नाही, फक्त विचारलं. हे रेगे बाईंचं पालुपद. आणि त्यांच्याइतकी काळजी करणारं माणूस मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही.

बाई मूळच्या ठाण्याच्या, तिथल्या शाळेत शिकवायच्या. यजमान एका ट्रेडिंग कंपनीत होते. तीन वर्षांसाठी म्हणून योकोहामाला आले आणि अर्धं आयुष्य इथेच गेलं. पुढे घर इचिकावात घेतलं, आमच्या इमारतीसमोर. त्यामुळे बाईंच्या काळजीचा मोठा वाटा आमच्या वाट्याला यायचा. कचऱ्याच्या दिवशी मी पिशवी ठेवून वळले की बाई समोरच्या गॅलरीत हजर. त्यातली बाटली काढलीस का, कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून असते ती जाळी नीट ओढलीस का. एकदा कुणा भारतीय कुटुंबाची पिशवी कचरेवाले लाल चिठ्ठी चिकटवून तशीच ठेवून गेले होते, तर बाई खाली उतरल्या, हातमोजे घातले आणि त्या परक्या कचऱ्याचं वर्गीकरण करून आल्या. का, तर शेजारचे म्हणतील, हे लोक असेच. मी वैतागून म्हटलं, अहो म्हणेनात. त्यावर बाई अगदी मनापासून म्हणाल्या, "म्हणतील आणि आपल्याला सांगणार नाहीत गं. त्याचीच तर भीती वाटते."

बाईंची पिशवी हा आमच्यात थट्टेचा विषय होता. तिच्यात शिट्टी, सेफ्टी पिना, टॉर्च, आलेपाक आणि मुलांचे जादा मोजे असत. मोजे का? तर इथे जिथेतिथे बूट काढावे लागतात आणि एखाद्या पोराचा अंगठा मोज्यातून बाहेर आला तर त्याला लाज वाटेल. स्टेशनवर पिवळ्या पट्टीपासून इतक्या लांब उभ्या राहत, की दोनदा तर त्यांची गाडी चुकलेली मी पाहिली आहे.

अशी बाई दर रविवारी पंधरावीस पोरांची जबाबदारी स्वतःहून अंगावर घ्यायची, हे मला कधी कळलं नाही. कोमिनकानमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या समाजमंदिरासारख्या पालिकेच्या इमारतीत, एक खोली घेऊन त्या मराठीचा वर्ग चालवत. मी मदतीला असे, म्हणजे खुर्च्या लावणं आणि पोरांना जपानी बोलू नका म्हणून दटावणं. दटावणी सुद्धा ती पोरं जपानीतच परतवत.

वर्गाची सुरुवात हजेरीनं. बाईंच्या वर्गात "हजर" नाही, "प्रेझेंट" नाही, "आहे" म्हणायचं, आणि पुढे सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. "निहार?" "आहे. टोस्ट." "सई?" "आहे. पोहे." आणि नियम असा, की ज्याचं त्यानंच सांगायचं. शेजाऱ्यानं "तो आहे ना बाई, हा काय" म्हटलं की बाई थांबायच्या. "तू त्याच्या वतीनं जेवतोस का? मग त्याच्या वतीनं आहे कसा म्हणतोस?"

मला आधी हे लाडिक वाटायचं. मग हळूहळू लक्षात आलं, की बाई त्या उत्तरांतून घरं वाचतात. ओळीनं तीन रविवार कुणी "कोनबिनीतली ओनिगिरी" म्हटलं, की त्या आठवड्यात बाई त्या घरी भाजणी घेऊन जायच्या. दुकानातला भाताचा गोळा पोरगं रोज खातंय, म्हणजे त्या घरात आई आजारी आहे किंवा बापाचं ऑफिस सुटत नाहीये. बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

इरा कुलकर्णीचं असंच झालं. आठ वर्षांची, पुण्याहून नुकती आलेली. आई तिकडेच, कारण आजी अंथरुणाला खिळलेली. इथे बाप आणि लेक. अभिजित टोकियोत सॉफ्टवेअरच्या नोकरीत आणि तीही सकाळी गर्दीत उभं राहून जाण्याची. इराला जपानीचा एक शब्द येत नव्हता. शाळेत ती दिवसभर गप्प असायची आणि रविवारी आमच्या वर्गात बोलायची. पहिल्या हजेरीला तिनं फक्त "आहे" म्हटलं. बाईंनी विचारलं, काय खाल्लंस? तिनं मान खाली घातली. बाईंनी पुन्हा विचारलं नाही, पण दुसऱ्या रविवारपासून त्यांच्या पिशवीत एक जादा डबा दिसू लागला.

त्या शरद ऋतूत वर्गाची सहल ठरली. शनिवार-रविवार, निक्कोला. जुनं देवळांचं गाव, डोंगर, पानं लाल झालेली. पालकांनी हौसेनं ठरवलं आणि बाईंची झोप उडाली. त्यांनी पोरांकडून एक धडा पाठ करून घेतला. हरवलात तर जिथे आहात तिथेच थांबा. हलू नका. मी येते. कुणी खाऊ दिला, कुणी हात धरला, अगदी कुणी टोपी-गणवेश घालून आलं, तरी बाई आल्याशिवाय हलायचं नाही. पोरं पाढे म्हणावेत तसं ते म्हणायची आणि मागे बसून आम्ही आया हसायचो.

अभिजित इराला पाठवायला तयार नव्हता. भाषा येत नाही, लहान आहे, तिची आई तिकडे काळजी करेल. बाई त्याच्या घरी गेल्या, मीही होते. वाटलं, बाई म्हणतील, बरोबर आहे, नका पाठवू. पण बाई म्हणाल्या, "पोरगी आठवडाभर मुक्यासारखी राहते हो. दोन दिवस मोकळी बोलेल. माझ्या जबाबदारीवर पाठवा." रेगे बाईंच्या तोंडी हे वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

सहलीला आम्ही तीनचार मोठी माणसं होतो. त्यात सावंत, मुंबईच्या एका बँकेतून नुकतेच टोकियोत बदलून आलेले, सईचे बाबा. माणूस लाख मोलाचा. गाडीत शिरल्याबरोबर त्यांनी आपल्या सवयीनं सगळ्यांना ॲडजस्ट करायला घेतलं. तू इकडे ये, तू खिडकीपाशी बस, मैत्रिणी मैत्रिणी एकत्र. जागा आरक्षित होत्या, पण आपल्या माणसांत आरक्षण म्हणजे सुरुवातीचा अंदाज. अर्ध्या वाटेत इराला मळमळायला लागलं. सावंतांनी मागे जाऊन पाहिलं, दाराच्या पलीकडचा डबा जवळजवळ रिकामा. त्यांनी तिला तिथे नेलं, दोन खुर्च्यांवर आडवं केलं, अंगावर स्वतःचं जाकीट घातलं. पोरगी झोपली. बाई पुढच्या टोकाला पोरांत गुंतल्या होत्या, त्यांना हे कळलंच नाही.

आता ही गाडी निक्कोच्या अलीकडच्या एका जंक्शनवर मधोमध तुटते. अर्धे डबे निक्कोला, अर्धे पार डोंगरात, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावांकडे. हे तिकिटावर लिहिलेलं असतं, गाडीत सांगतात, दोन भाषांत सांगतात. बाईंना माहीत होतं, म्हणून तर त्यांनी सगळ्या जागा एकाच अर्ध्यात घेतल्या होत्या. सावंतांना माहीत नव्हतं, आणि बाकी आम्ही खाण्याचे डबे उघडून बसलो होतो.

जंक्शन जवळ आलं तशा बाई हजेरीला उठल्या. आता जपानी गाडीत मोठ्यानं हजेरी कशी घ्यायची? लोक झोपलेले, वाचत बसलेले. बाई एकेका खुर्चीवर वाकून कुजबुजायला लागल्या. समोरच्या आजोबांनी नुसतं वर पाहिलं आणि बाई ओशाळल्या. तेवढ्यात सावंत म्हणाले, "बसा हो बाई. सगळी आहेत. मी स्वतः बघितलंय." त्यांच्या हिशेबानं ते खरंच होतं. इरा आहे, मागे झोपलीय. बाई क्षणभर उभ्या राहिल्या आणि बसल्या.

गाडी थांबली, हलकासा धक्का बसला, पुन्हा निघाली. मी सईची वेणी घालत होते. बाई चुळबुळत होत्या. मग म्हणाल्या, "काळजी नाही गं, फक्त विचारते," आणि उठल्या. या वेळी कुजबुजल्या नाहीत, चांगल्या वर्गातल्या आवाजात एकेक नाव घेतलं. आहे. आहे. आहे. इरा? उत्तर नाही. पुन्हा इरा? सावंत हसत म्हणाले, अहो ती मागच्या डब्यात, आणतो. ते गेले. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. दाराच्या पलीकडे डबाच नव्हता.

निक्कोला उतरेपर्यंतची ती काही मिनिटं मला अजून आठवतात. बाई ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. नुसत्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या, दार उघडायच्या आधीच उतरायला निघाल्यासारख्या. सावंत मागे उभे राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, मी तिला फक्त झोपवलं हो. स्टेशनवर पोरांना त्यांच्या आणि बाकीच्यांच्या ताब्यात देऊन मी आणि बाई ऑफिसकडे धावलो. बाईंचं जपानी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं, पण त्या दिवशी ते पार पळालं. त्या नुसत्या वाकून माफी मागत राहिल्या. शेवटी मीच मोडकंतोडकं सांगितलं. लहान मुलगी, पिवळं स्वेटर, पुरुषाचं जाकीट, जपानी येत नाही.

आणि मग बाईंनी मोबाइल काढला. मी म्हटलं, थांबा बाई, आधी सापडू दे, मग अभिजितला सांगू. उगाच त्याच्या तोंडचं पाणी पळेल. बाई म्हणाल्या, "सापडल्यावर सांगितलं तर ते गोष्ट सांगितल्यासारखं होईल. आत्ता सांगायला हवं." त्यांनी सांगितलं, सावंतांचं नावही न घेता. पलीकडून अभिजित काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. बाई फक्त हो म्हणत होत्या.

गाडीतल्या कंडक्टरला इरा सापडली. हा निरोप आला तेव्हा मी खुर्चीत मटकन बसले. पण लगेच पुढचा निरोप आला. मुलगी उठायला तयार नाही. खुर्चीचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसलीय, बोलत नाही, कुणी जवळ गेलं की डोळे मिटते. पुढच्या बऱ्याच स्टेशनांवर कुणी माणूस नसतं, एकाच ठिकाणी आहे, तिथे तिला उतरवून ऑफिसात बसवता येईल. ते स्टेशन गेलं की गाडी खूप आत जाते आणि परतीच्या गाड्या फार कमी. पण घाबरलेल्या परक्या मुलीला ओढून उतरवणार कसं? काय करावं, असं ते अत्यंत नम्रपणे आम्हालाच विचारत होते.

बाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "ती हलणार नाही. मीच सांगितलंय." टोपी आणि गणवेश. मला सगळं एकदम आठवलं.

स्टेशनवरच्या माणसानं कंडक्टरचा फोन जोडून दिला. बाईंनी तो कानाला लावला. त्यांचा आवाज एरवी साधी वेळ विचारतानाही कापायचा. तेव्हा कापला नाही.

"इरा कुलकर्णी?"

फोनमधून रुळांचा आवाज. मग बारीकसं, "आहे."

"काय खाल्लंस?"

"काही नाही."

"बरं. आता बाई सांगतात ते ऐक. तुझ्यासमोर टोपीवाले काका आहेत ना, त्यांचा हात धर आणि त्यांच्याबरोबर उतर."

"तुम्हीच म्हणालात हलायचं नाही. टोपीवाले आले तरी नाही."

"म्हणाले होते. ते मी चुकीचं सांगितलं होतं, बाळ. ते काका चांगले आहेत. उतर. मी डबा घेऊन येते."

फोन बंद झाला. बाईंनी तो दोन्ही हातांनी परत दिला, वाकल्या आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. ज्या माणसाला कधी पाहिलं नाही, ज्याचं नाव माहीत नाही, त्याच्या हातात दुसऱ्याचं पोर देऊन बसल्या. गॅसवाल्याला दोनदा ओळखपत्र दाखवायला लावणारी ही बाई. तिला त्या क्षणी काय झालं असेल याचा विचार केला की आजही माझा जीव गलबलतो. उतरल्याचा निरोप येईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. मी आलेपाक पुढे केला तर त्यांनी तो घेतला आणि नुसता मुठीत धरून ठेवला.

आम्ही दोघी उलट्या गाडीनं जंक्शनला आलो आणि तिथून डोंगरात. छोट्याशा स्टेशनच्या ऑफिसात इरा शेगडीपाशी बसली होती, डोक्यावर कुणाची तरी मोठ्ठी टोपी. बाईंनी तिला जवळ घेतलं नाही, काही विचारलं नाही. आधी डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या. इरानं एक खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि तिसरीला रडायला लागली. तेव्हा बाईंनी तिला पदरात घेतलं. बाई प्रवासातही साडी नेसायच्या.

देवळं बाईंनी पाहिलीच नाहीत. बाकीच्या पोरांना सावंतांनी दुसऱ्या दिवसापर्यंत नीट सांभाळलं आणि त्या दोन दिवसांत ते एकदाही कुणाला ॲडजस्ट हो म्हणाले नाहीत. आम्ही तिघी त्याच दिवशी परतलो. टोकियोला स्टेशनवर अभिजित उभा होता. इराला कडेवर उचलून तो बाईंना एवढंच म्हणाला, "तुम्ही म्हणाला होतात, माझ्या जबाबदारीवर."

बाई म्हणाल्या, "हो."

घरी जाताना त्यांनी मला सांगितलं, वर्ग बंद करते. मी भांडले, पण त्या ऐकेनात. पुढच्या रविवारी खोलीच्या किल्ल्या परत द्यायला म्हणून आल्या, तर सगळी पोरं बसलेली आणि मागच्या भिंतीला टेकून अभिजित उभा. बाई दारातच थांबल्या. मग इराच म्हणाली, बाई, हजेरी नाही घ्यायची? बाईंनी नावं घेतली. इराचं नाव शेवटी घेतलं, तेव्हा मागे अभिजितकडे पाहायचं त्यांनी टाळलं.

"आहे. थालीपीठ. बाबांनी केलं, जळलेलं."

पोरं हसली, अभिजितही हसला. वर्ग पुढे कितीतरी वर्षं चालला. हरवलात तर काय करायचं, तो धडाही राहिला. फक्त टोपी-गणवेशाचा भाग बाईंनी गाळला आणि तिथे आला की त्या थोडं थांबायच्या.

गेल्या वर्षी रेगे काका निवृत्त झाले आणि दोघं ठाण्याला परत निघाले. विमानतळावर आम्ही गेलो होतो. बाईंनी काकांना पासपोर्ट इतक्या वेळा दाखवायला लावला, की शेवटी काका बाजूला जाऊन बसले. बाईंनी आम्हाला एकेकाला सूचना दिल्या. जाळी ओढत जा. भूकंप झाला की आधी दार उघडा. निहार, मोजे बघ तुझे. मग सुरक्षा तपासणीच्या रांगेत शिरल्या आणि वळून वळून बघत राहिल्या. चेहरा पांढरा पडला होता. इतक्या वर्षांनी आपल्या गावी चाललेलं ते माणूस मला परदेशी निघाल्यासारखं घाबरलेलं दिसलं आणि मला फार वाईट वाटलं.

इरा माझ्याशेजारी होती. आता चांगली उंच झालीय, माझ्याशी अर्धं जपानी बोलते, फोनमधून मान वर करून बघत नाही. ती एकदम दोरीपाशी गेली आणि त्या शांत हॉलमध्ये, लोक वळून बघतील याची फिकीर न करता, खणखणीत आवाजात म्हणाली, "रेगे बाई?"

बाई थबकल्या. काकांनी त्यांचा दंड धरला.

"आहे," बाई म्हणाल्या.

"काय खाल्लंत?"

बाईंचे ओठ हलले. आवाज काही आमच्यापर्यंत आला नाही, पण मान नकारार्थी हलली.

इरानं खांद्यावरची पिशवी पुढे घेतली. आतून डबा काढला. "जिथे आहात तिथेच थांबा," ती म्हणाली, "हलू नका. मी येते." आणि दोरीखालून वाकून, दोन्ही बाजूंना "सुमिमासेन, सुमिमासेन" म्हणत माफी मागत, ती रांगेत घुसली.

रांग पुढे सरकत होती. काका म्हणत होते, चल गं. मागची माणसं बाजूनं वाट काढून पुढे जात होती. बाई हलल्या नाहीत.